डोंगरउतारावर देशी झाडं लावायची तर काम दिवाळीला सुरू करा

जुलैत सह्याद्रीच्या उतारांवर वाजतगाजत रोपं लागतात आणि पुढच्या मे महिन्यात त्याच खड्ड्यांत वाळक्या काड्या उरतात. कारणं दरवर्षी तीच. जागा चुकलेली असते, रोप कोवळं असतं, गुरं मोकळी असतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवा येऊन जातो. प्रत्यक्ष लागवड हा या कामातला सर्वांत लहान भाग आहे, तो एका सकाळी उरकतो. बाकीचं काम त्याच्या आधीच्या सात-आठ महिन्यांत आणि नंतरच्या तीन वर्षांत असतं.

पुढचं सगळं घाटमाथ्यापासून पूर्वेच्या कमी पावसाच्या डोंगरांपर्यंत, म्हणजे अकोले, जुन्नर, मावळ, मुळशी, भोर, वाई या पट्ट्यासाठी लिहिलं आहे. सुरुवात दिवाळीनंतर करा. जूनमध्ये जाग आली असेल तर यंदा फक्त जागा बघा आणि राखण सुरू करा.

## टप्पा १ : जागा पाहणं आणि परवानगी (ऑक्टोबर-नोव्हेंबर)

जमीन कोणाची, हे आधी सातबाऱ्यावर पाहा. वनखात्याची असेल तर वनरक्षकामार्फत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करा. गायरान असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव घ्या. देवस्थानची असेल तर गावकी आणि पुजारी दोघांशी बोला. गावाला सामूहिक वनहक्क मिळाला असेल तर ग्रामसभेला टाळून काहीही करू नका. तोंडी 'हो, करा की' हे पुरेसं नाही. साहेब बदलले की ते शब्दही बदलतात.

मग डोंगर चाला, तोही गावातल्या गुराख्यासोबत. पाणी कुठे वाहतं, गुरं कुठल्या वाटेनं चढतात, वणवा दरवर्षी कुठून येतो हे नकाशात दिसत नाही, त्याला विचारलं की कळतं. चालताना जागेचे तीन भाग पाडा.

जिथे काहीच लावायचं नाही. कातळसडे आणि पठारं. दगडावर बोटभर माती, पावसाळ्यात पाणी आणि उन्हाळ्यात तवा, अशी ही जागा 'ओसाड' दिसते, पण ती तशीच असायला हवी. कासच्या पठारावरची गेंद किंवा सीतेची आसवं ही फुलं अशाच पातळ मातीत उगवतात. तिथे खड्डे घेऊन झाडं लावली तर झाड धड वाढत नाही आणि फुलांचा सडा मात्र जातो. पूर्वेकडच्या गवताळ माळांचंही तसंच. तिथे चंडोल जमिनीवर घरटं करतो, लांडगा राहतो. त्या माळाला झाडांची गरज नाही.

जिथे फक्त राखायचं. उतारावर गुडघ्याएवढी झुडपं दिसतात, तिथे बसून बुंधे बघा. बऱ्याच ठिकाणी ती झुडपं नसतात, तोडलेल्या झाडांचे फुटवे असतात. ऐन, धावडा, हिरडा, जांभूळ, अंजनी, पळस यांची मुळं जमिनीत चांगली जुनी असतात. वर दरवर्षी कुऱ्हाड, बकरी आणि आग असते म्हणून ती उठत नाहीत. अशा बुंध्याला तीन वर्षं नुसतं राखलं तर त्याची उंची कुठलंही नवं रोप गाठू शकत नाही. गर्दी असेल तर एका बुंध्यावर दोन-तीन सरळ, जोमदार फुटवे ठेवून बाकीचे धारदार कोयत्यानं बुंध्यालगत काढा. वनखात्याच्या जागेत हेही परवानगीशिवाय नको.

जिथे लावायचं. वरचे दोन भाग वगळून जे उरतं ते. बहुतेक वेळा हा भाग तुम्ही मनात धरला होता त्याच्या निम्माही नसतो. नाराज होऊ नका, तेवढंच सांभाळायचं आहे.

> तपासा: पहारीनं किंवा टिकावानं दहा-बारा ठिकाणी उकरून बघा. वीतभर खाली कातळ लागत असेल तर ती जागा लागवडीतून काढा.

> सावधान: कारवी म्हणजे तण नव्हे. सात वर्षांनी एकदा फुलणारं हे झुडूप उताराची माती धरून ठेवतं आणि त्याच्या सावलीत झाडांची रोपं उगवतात. 'साफसफाई' म्हणून ती कापणारी मंडळी लागवडीआधीच डोंगराचं नुकसान करतात. घाणेरी आणि रानमोडी ही बाहेरून आलेली तणं काढायला हरकत नाही, पण मातीखाली दोन-चार बोटांवर मूळ तोडून काढा. तीव्र उतार एकदम उघडा करू नका, पट्ट्यापट्ट्यानं साफ करा.

## टप्पा २ : राखण आणि जाळरेषा (नोव्हेंबर-जानेवारी)

रोपांच्या आधी राखण ठरवायची. बहुतेकांचा क्रम इथेच उलटा होतो. आधी रोपं येतात, मग कुंपणाची वर्गणी सुरू होते.

गुरं कुठे जाणार याचं उत्तर नसेल तर कुंपण टिकत नाही. पूर्ण डोंगर बंद करू नका. एक तुकडा तीन वर्षं बंद ठेवा, बाकी चराईला मोकळा, आणि बंद तुकड्यातलं गवत दिवाळीनंतर कापून न्यायची मुभा गावाला द्या. हिवरे बाजारनं चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळून दाखवली ती गावानं ठरवली म्हणून. बाहेरून आलेल्या गटानं पाटी लावून बंदी होत नाही. कुंपण म्हणून दगड असतील तिथे गडगा घाला, नसतील तिथे काटेरी फांद्यांची झाप लावा. तारेवर खर्च करण्याआधी गावातलाच एक राखणदार पगारावर ठेवता येतो का ते पाहा. माझ्या मते तो पगार हा या कामातला सर्वांत चांगला खर्च आहे.

जाळरेषा म्हणजे आग ओलांडू शकणार नाही असा गवत नसलेला पट्टा. गवत अर्धं पिवळं झालं की, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात, तो घ्यायचा. गवत पूर्ण वाळल्यावर घ्यायला गेलात तर वणवा तुम्हीच लावाल. किमान तीन मीटर रुंदीत गवत जमिनीलगत कापा, खरवडून बाहेर काढा आणि दूर न्या. गवत कमरेएवढं असेल तर रुंदी वाढवा. आग उताराच्या वरच्या दिशेनं जोरात धावते, म्हणून खालच्या अंगाची पट्टी सर्वांत रुंद ठेवा. रस्ता, पायवाट आणि शेताच्या बांधाकडच्या बाजू चुकवू नका. भाताच्या रोपांसाठी राब भाजताना सुटलेली ठिणगी, 'जाळलं की गवत चांगलं येतं' हा समज, फेकलेली विडी, हे सगळं त्याच बाजूंनी येतं.

> सावधान: पट्टा जाळून साफ करायचा असेल तर ते काम वनकर्मचाऱ्यांच्या उपस्थितीतच, वारा पडलेला असताना करा. राखीव वनात आग लावणं भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे, हेतू चांगला असला तरी.

## टप्पा ३ : बी आणि रोपं (जानेवारी-जून)

यंदा पेरलेलं बी पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यासाठी असतं. पहिल्या वर्षासाठी रोपवाटिकेतून रोपं घ्यावी लागतील, पण स्वतःची पेरणी याच वर्षी सुरू करा. स्थानिक बी मिळवण्याचा दुसरा खात्रीचा मार्ग नाही.

बी त्याच डोंगररांगेतून, वेगवेगळ्या झाडांखालून, पडलेलं तेवढंच गोळा करा. सगळं उचलू नका. देवराईतून घ्यायचं असेल तर गावकऱ्यांना विचारून. काही देवरायांत पडलेली काडीही उचलत नाहीत.

- जांभूळ: बी वाळवायचं नाही. गर धुऊन काढा आणि दोन-चार दिवसांत पेरा. डब्यात भरून ठेवलेलं जांभळाचं बी मेलेलंच असतं.
- बहावा: कवच टणक. पाणी उकळून आचेवरून उतरवा, त्यात बी टाका, रात्रभर तसंच राहू द्या. जे फुगतील ते पेरा.
- हिरडा, बेहडा: वरचा गर काढून वाळवा, मग भिजवून पेरा. हिरडा उगवायला वेळ घेतो, पिशवी रिकामी समजून फेकू नका.
- खैर, आपटा: रात्रभर भिजवणं पुरतं.
- पांगारा, मोई, सालई, वड, पिंपरी: यांना बी नको. मनगटाएवढ्या जाडीचे, चार-पाच फुटी खुंट मे-जूनमध्ये, पाऊस तोंडावर असताना तिरपे कापून हातभर खोल रोवा. खुंट उलटा रोवू नका, बुंध्याकडचं टोक खालीच हवं.

काय लावायचं ते पावसावर ठरतं. घाटमाथ्यावर जांभूळ, अंजनी, हिरडा, आंबा, गेळा. मधल्या पट्ट्यात ऐन, नाणा, बेहडा, शिवण, कळंब, पळस. पूर्वेच्या रखरखीत डोंगरांवर धावडा, सालई, मोई, खैर, मेडशिंगी, गणेर, आपटा. उघड्या उतारावर आधी उन्हाची झाडं, सावली तयार झाल्यावर बाकीची. गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया), सुबाभूळ आणि अकेशिया ही बाहेरची झाडं जगतात हे खरं. पण एकदा पसरलेलं गिरिपुष्प आवरायला लागणारी मेहनत पाहिली की ते लावायची इच्छा राहत नाही.

रोप उंचीवर निवडू नका. सावलीत वाढलेलं पाच फुटी बारीक रोप पहिल्या वाऱ्याला आडवं होतं. दोन-तीन फुटी, पेन्सिलपेक्षा जाड खोडाचं, मोठ्या पिशवीतलं रोप घ्या. लागवडीआधी महिनाभर त्याला पूर्ण उन्हात ठेवा आणि पाणी हळूहळू कमी करा.

> तपासा: रोपवाटिकेतून गाडी भरण्याआधी दोन-तीन पिशव्या फाडून बघा. मुळं तळाशी गोल गोल गुंडाळली असतील तर तो लॉट घेऊ नका. अशी झाडं दोन वर्षं तग धरतात आणि नंतर कोलमडतात.

बीजगोळे, म्हणजे मातीत बी घालून वळलेले गोळे, फेकण्याबद्दल दरवर्षी विचारणा होते. मुलांना रमवायला ठीक आहेत. उघड्या उतारावर ते वाहून जातात, मुंग्या-उंदरांच्या तोंडी जातात किंवा उगवून पहिल्याच उन्हाळ्यात वाळतात. मियावाकी पद्धतही, म्हणजे थोड्या जागेत दाटीवाटीनं झाडं लावणं, डोंगरावर नको. तिला खोल भुसभुशीत माती आणि हाताशी पाणी लागतं, इथे दोन्ही नाही.

## टप्पा ४ : आखणी, चर आणि खड्डे (मार्च-मे)

पाणी अडवून मुरवणारे चर समतल रेषेवर, म्हणजे उतारावर एकाच उंचीवरून जाणाऱ्या रेषेवर, घ्यायचे असतात. ही रेषा नजरेनं काढू नका. डोंगरावर नजर फसते. चर थोडा जरी उताराला गेला तरी सगळं पाणी एका टोकाला जमतं आणि तिथून घळ पडते.

त्यासाठी 'ए' अक्षराच्या आकाराची चौकट करा. दोन सात फुटी बांबू वरच्या टोकाला घट्ट बांधा, पाय साधारण पाच-सहा फूट फाकवा आणि मध्यावर आडवी काठी बांधा. वरच्या गाठीतून दोरी सोडून तिला दगड लटकवा, दोरी आडव्या काठीच्या पुढून जाऊ द्या. आता चौकट कुठेही उभी करा, दोन्ही पायांच्या जागी खुणा करा आणि दोरी काठीला जिथे छेदते तिथे रेघ मारा. मग चौकट फिरवून पायांची अदलाबदल करा, त्याच खुणांवर ठेवा आणि दुसरी रेघ मारा. दोन रेघांचा बरोबर मध्य म्हणजे समतलाची खूण. तिथे कोयत्यानं खाच पाडा. उतारावर एक पाय स्थिर ठेवून दुसरा वर-खाली सरकवत दोरी खाचेवर आणायची, तिथे फक्की टाकायची, पुढे जायचं. वारा असेल तर दोरी डोलते, म्हणून हे काम सकाळी लवकर करा.

> तपासा: बांबूची गाठ सैल झाली की खूण चुकते. रोज काम सुरू करताना पायांची अदलाबदल करून खाच पुन्हा पडताळा.

मध्यम उतारावर आणि कमी पावसात सलग समतल चर घ्या, साधारण ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल. माती खालच्या बाजूला टाकून तिचा बांध करा. उतार जास्त किंवा खडकाळ असेल तर तुटक चर, एका ओळीतल्या फटीसमोर खालच्या ओळीतला चर येईल असे.

> सावधान: घाटमाथ्याच्या धुवाधार पावसात, जाड मातीच्या तीव्र उतारावर चर अजिबात नको. तिथे पाणी मुरवणं म्हणजे उताराचं वजन वाढवणं आणि माती खालून सुटी करणं. खाली वस्ती असेल तर हा प्रश्न झाडांचा राहतच नाही. भूवैज्ञानिकाचा सल्ला घेतल्याशिवाय अशा जागी कुदळ मारू नका.

खड्डे मेअखेर तयार हवेत. माती असेल तिथे ४५ सेंटिमीटर लांब-रुंद-खोल, मुरमाड जागी जमेल तेवढे, पण ३० पेक्षा कमी नको. वरची काळसर माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला ठेवा. भरताना वरची माती मुळांजवळ जायला हवी. मजुरांना हे पहिल्याच दिवशी करून दाखवा, नाहीतर सगळं एकाच ढिगात जातं. वाळवीची जागा असेल तर मूठभर निंबोळी पेंड मिसळा.

अंतराचा हव्यास नको. ३ × ३ मीटरवर हेक्टरी १,१११ रोपं बसतात म्हणून तेवढी लावायची असं नाही. फुटवे असलेल्या उतारावर ५ × ५ मीटरनं ४०० रोपं भरपूर झाली, आणि चारशे रोपांना पाणी घालता येतं. कागदावर शिस्तीत आखलेली जागा जुन्या बुंध्यावर येत असेल तर बुंधा ठेवा, खड्डा सरकवा.

## टप्पा ५ : लागवड (जून-जुलै)

पहिल्या सरीला धावू नका. दोन-तीन चांगले पाऊस होऊन माती वीतभर खोल ओली झाली की सुरुवात करा. पूर्वेकडे हे जुलैपर्यंत लांबतं. घाटमाथ्यावर उलट घाई असते, मुसळधार सुरू होण्याआधी रोप बसलं पाहिजे.

१. रोपाची पिशवी आदल्या दिवशी भिजवा. कोरडा गोळा हातात फुटतो.

२. रोप नेताना खोडाला धरून उचलू नका, पिशवीखाली हात द्या.

३. पिशवी ब्लेडनं उभी कापून पूर्ण काढा. तळाची गुंडाळलेली मुळं बोटभर छाटा. पिशवी खड्ड्यात ठेवून 'नंतर कुजेल' म्हणणारे अजून भेटतात. ती कुजत नाही.

४. रोप अशा उंचीवर ठेवा की पिशवीतली मातीची पातळी आणि जमीन सारखी येईल. खोडाला मातीत गाडलं तर साल कुजते.

५. वरची माती आधी टाका, टाचेनं कडेकडेनं दाबा. पोकळी राहिली तर तिथे पाणी साचतं.

६. कमी पावसाच्या भागात रोपाच्या खालच्या बाजूला अर्धचंद्राकृती बांध घाला. घाटमाथ्यावर आळं करू नका, उलट रोपाभोवती माती थोडी उंच ठेवा.

७. काठी रोवून सैल आठ आकड्याच्या गाठीत बांधा आणि पिशव्या मोजून परत न्या. लावलेली रोपं आणि पिशव्यांची संख्या जुळली पाहिजे.

नवख्या माणसाकडून एका सकाळी दहा-बारा रोपं नीट लागतात. शंभर माणसं बोलावून दोन तासांत पाच हजारांचा विक्रम करायचा असेल तर तो कार्यक्रम वेगळा, त्याचा या लेखाशी संबंध नाही.

> तपासा: लावलेल्या रोपाचं वरचं पान दोन बोटांत धरून हलकेच ओढा. पान तुटून हातात आलं तर माती नीट दाबलेली आहे, रोपच वर आलं तर पुन्हा लावा.

## टप्पा ६ : पावसाळ्यात आणि लगेच नंतर

ऑगस्टमध्ये गवत रोपाच्या डोक्यावरून जातं. रोपाभोवती एक मीटरचं वर्तुळ हातानं मोकळं करा. विळा चालवण्याआधी रोप शोधून त्याला काठीची खूण करा, नाहीतर गवताबरोबर रोपही कापलं जातं. गवतकापणी यंत्रानं तर हमखास.

सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरात पुन्हा एकदा तण काढा. आता आच्छादन. शेतात वाळलं गवत घालतात तसं इथे घालू नका. वणव्याच्या डोंगरावर खोडाशी रचलेलं गवत म्हणजे आगीला दिलेला काकडा. त्याऐवजी आजूबाजूचे चपटे दगड रोपाभोवती मांडा, खोडापासून चार बोटं सोडून. ओल टिकते, जळत नाहीत, आणि बकरीलाही पाय ठेवायला अडचण होते.

## टप्पा ७ : पहिला उन्हाळा

पाणी डिसेंबरपासून लागतं. दर दहा-बारा दिवसांनी पाच ते दहा लिटर, एकदम ओतून नाही, सावकाश मुरवून. रोज लोटाभर पाणी दिल्यानं मुळं वरच राहतात आणि एक पाळी चुकली की रोप जातं. पाणी वर नेण्याची सोय (टाकी, नळी, गाढवं, जे असेल ते) लागवडीआधी ठरलेली हवी. ते जमत नसेल तर रोपं कमी लावा.

जाळरेषा जानेवारीअखेर पुन्हा झाडा, वाऱ्यानं पानं आणि गवत तिच्यात येऊन पडतं. फेब्रुवारीपासून राखणदार दुपारी डोंगरावर हवा.

वणवा लागलाच तर आधी वनरक्षकाला आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. आग विझवायला जाणाऱ्यांनी सुती कपडे आणि बूट घालावेत, नायलॉन अंगाला चिकटतं. ओल्या, हिरव्या पानांच्या फांद्यांनी आगीच्या कडेवरून झोडपत यावं. आगीच्या वरच्या अंगाला उभं राहू नका आणि घळीत उतरू नका. अडकलात तर जळून विझलेल्या काळ्या जागेकडे जा, ती सर्वांत सुरक्षित असते. ज्वाळा डोक्याच्या वर गेल्या असतील तर विझवायच्या फंदात न पडता मागे या.

> सावधान: जळालेली रोपं लगेच उपटू नका. एक पाऊस जाऊ द्या. मूळ जिवंत असेल तर जमिनीलगत फुटवा येतो.

## टप्पा ८ : मोजणी, नांग्या आणि पुढची दोन वर्षं

ऑक्टोबरातली मोजणी अहवालाला शोभते, पण खोटी असते. पावसाळ्यानंतर सगळंच हिरवं दिसतं. खरी मोजणी पुढच्या जूनअखेर. मे महिन्यात मोजायला गेलात तर उलटी चूक होते. पळस, मोई, सालई, काटेसावर उन्हाळ्यात निष्पर्ण असतात आणि मेलेली वाटतात. शंका आली की खोडाची साल नखानं किंचित खरवडा. आत हिरवं आणि ओलसर असेल तर रोप जिवंत आहे. तपकिरी, कोरडं असेल तर तसंच खाली खाली तपासत जमिनीपर्यंत या.

मेलेल्या जागी नांग्या भरताना तीच जात पुन्हा लावण्याआधी कारण शोधा. एका पट्ट्यात सगळी गेली असतील तर तिथे कातळ वर आहे, गुरांची वाट आहे किंवा पाणी साचतं. सुटी सुटी मेली असतील तर रोपं किंवा लावणारे हात कच्चे होते. ज्या जागी दोनदा मेलं तिथे तिसऱ्यांदा लावू नका, करवंदीला येऊ द्या.

दुसऱ्या उन्हाळ्यात पाण्याची पाळी तीन आठवड्यांवर न्या, तिसऱ्या उन्हाळ्यात फक्त एप्रिल-मेमध्ये दोनदा द्या आणि मग बंद करा. जाळरेषा मात्र दरवर्षी, न चुकता. चराई उघडायची वेळ झाडाच्या शेंड्यावर ठरवा. शेंडा गाईच्या तोंडाच्या वर, साधारण सात फुटांच्या पुढे गेला की त्या तुकड्यात गाई-म्हशी सोडता येतात, शेळ्यांना आणखी दोन वर्षं थांबवा. त्याच दिवाळीला गावाबरोबर बसून पुढचा तुकडा ठरवा आणि त्याची जाळरेषा घ्यायला लागा.